संग्रहालयांच्या कोठारातील शोध: वस्तू सापडते ती नोंदींच्या आधारे

जबलपूरजवळच्या बडा सिमला टेकडीवर १८२८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम स्लीमन याला काही अश्मीभूत हाडे मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून पुढे नाव झालेल्या स्लीमनला ती कोणत्या प्राण्याची आहेत हे कळणे शक्यच नव्हते. डायनोसॉर ही संज्ञा रिचर्ड ओवेन यांनी मांडली ती १८४२ मध्ये. ही हाडे यथावकाश कोलकात्यात पोहोचली आणि १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव निश्चित केले. महाकाय, शाकाहारी टायटॅनोसॉरांच्या जगभर पसरलेल्या गटाला याच नावावरून ओळख मिळाली. मात्र, ज्या मूळ नमुन्यावर हे नाव उभे होते, तोच पुढे दिसेनासा झाला. शतकाहून अधिक काळ तो हरवला असेच मानले जात होते. अखेर २०१२ मध्ये भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातील मणका पुन्हा मिळाला, तोही कोलकात्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहात.

अशा घटनांचे वर्णन बहुधा ‘योगायोगाने लागलेला शोध’ असे केले जाते. प्रत्यक्षात संग्रहालयाच्या कोठारात वस्तू हरवण्याआधी तिची ओळख हरवते. ती कोठे मिळाली, कोणत्या थरात मिळाली, कोणी आणि केव्हा आणली, हा तपशील वस्तूपासून तुटला की ती फळीवर असूनही नसल्यासारखी होते. राजधानीतील नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या इमारतींत ‘युगे युगीन भारत’ हे भव्य राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची योजना केंद्र सरकारने हाती घेतली आहे. विद्यमान राष्ट्रीय संग्रहालयातील वस्तूंची संख्या दोन लाखांहून अधिक आहे आणि त्यांतील बहुसंख्य वस्तू प्रेक्षकांना दिसत नाहीत. त्यामुळे कोठारातील नोंदींचा प्रश्न आता केवळ अभ्यासकांपुरता उरलेला नाही.

आधी कागद, मग सांगाडा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथील तळघरात एका लाकडी पेटीत मानवी सांगाडा पडून होता. त्याच्यासोबत सूचिपत्र नव्हते की क्रमांक नव्हता. दुसरीकडे, लिओनार्ड वूली यांनी १९२९-३० मध्ये आजच्या इराकमधील उर येथे केलेल्या उत्खननाच्या कागदपत्रांचे डिजिटायझेशन सुरू होते. एक सांगाडा फिलाडेल्फियाला पाठवल्याची नोंद त्या कागदांत आढळली. संग्रहालयाच्या यादीत मात्र त्याचा ठावठिकाणा नव्हता. उत्खननाच्या वेळची टिपणे आणि छायाचित्रे तळघरातील पेटीशी ताडून पाहिल्यावर २०१४ मध्ये ओळख पटली. सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीचा तो सांगाडा ८० हून अधिक वर्षे त्याच संस्थेच्या ताब्यात होता. नवी कुदळ कोठेच मारली गेली नाही. जुन्या नोंदी वाचल्या गेल्या, एवढेच.

जाणकार नजरेचेही महत्त्व तितकेच आहे. गुजरातमधील ढोली डुंगरी येथे मोहबे यांना १९८४ मध्ये डायनोसॉरच्या अंड्यांसोबत काही लहान हाडे मिळाली. ती सारी नुकत्याच अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाची असावीत, असे त्या वेळी मानले गेले. २००१ मध्ये अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला आणि त्यातील काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढील अभ्यासानंतर २०१० मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ या सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या सापाची माहिती प्रसिद्ध झाली. सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरच्या घरट्यात वेटोळे घालून बसलेला हा साप, पिलू आणि अंडी एकाच क्षणी गाडली गेली होती. नमुना स्थळाच्या नोंदीसह जपून ठेवलेला होता, म्हणूनच पहिल्या निष्कर्षाचा पुनर्विचार करता आला.

हस्तलिखितांच्या क्षेत्रात म्हैसूरचे उदाहरण सर्वपरिचित आहे. तंजावर भागातील एका पंडिताने तेथील प्राच्य ग्रंथालयाला दिलेल्या ताडपत्रांत कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ आहे, हे ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ओळखले. १९०५ पासून त्यांनी त्यातील भागांचे भाषांतर प्रसिद्ध केले आणि १९०९ मध्ये मूळ संहिता छापली. प्राचीन भारतातील राज्यव्यवस्थेविषयीची चर्चा त्यानंतर बदलून गेली. ग्रंथलिपी वाचणारा माणूस त्या जागी नसता, तर ही पाने इतर पोथ्यांबरोबर पडून राहिली असती.

घाईच्या निष्कर्षांचा धोका

कोठारातून आलेली प्रत्येक चमकदार बातमी तपासाअंती तशीच टिकते, असे मात्र नाही. पेशावरजवळील बख्शाली येथे १८८१ मध्ये मिळालेले, भूर्जपत्रावरील गणिताचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात १९०२ पासून आहे. २०१७ मध्ये त्याच्या तीन पानांची कार्बन चाचणी झाली. एक पान तिसऱ्या-चौथ्या शतकातील, दुसरे सातव्या-आठव्या आणि तिसरे नवव्या-दहाव्या शतकातील असल्याचे निष्कर्ष आले. शून्याच्या चिन्हाचा इतिहास काही शतके मागे गेल्याची बातमी जगभर झळकली. त्यावर गणिताच्या इतिहासकारांनी आक्षेप घेतला. मजकूर सलग आणि एकसंध आहे. शिवाय पान जुने असले म्हणून त्यावरील लिखाण तितकेच जुने ठरत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. शून्यासारख्या अभिमानाच्या विषयात हा संयम विशेष आवश्यक ठरतो.

नोंद नसेल, तर चोरीही दिसत नाही

ब्रिटिश म्युझियममध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणाने दुसरी बाजू समोर आणली. सुमारे दोन हजार वस्तू चोरीस गेल्या, गहाळ झाल्या किंवा त्यांचे नुकसान झाले, असे संस्थेला मान्य करावे लागले. संचालकांनी पद सोडले. त्यांतील अनेक वस्तूंची नीट नोंदच झालेली नव्हती. त्यामुळे काय गेले हे ठरवणेही अवघड झाले. त्यानंतर संपूर्ण संग्रहाच्या डिजिटायझेशनचा पाच वर्षांचा कार्यक्रम जाहीर झाला. दिल्लीतील राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ रोजी आगीत भस्मसात झाले. अशा प्रसंगी वस्तू परत येत नाही. तपशीलवार नोंद अन्यत्र सुरक्षित असेल, तरच तिच्याविषयीचे ज्ञान वाचते.

भारतात या दिशेने पावले पडलेली आहेत. पुण्यातील सी-डॅकने विकसित केलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली अनेक संग्रहालयांत वापरली जाते. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन अपेक्षित आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने संग्रहालयांतील नोंदणी आणि प्रत्यक्ष पडताळणीतील त्रुटींवर बोट ठेवले होते. त्या पार्श्वभूमीवर हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत.

तथापि, छायाचित्र काढणे आणि नोंद करणे यांत फरक आहे. वस्तूचे सुस्पष्ट छायाचित्र संकेतस्थळावर आले, पण जुना दाखल क्रमांक, उत्खननाची वही आणि पेटीवरची चिठ्ठी मागेच राहिली, तर उरच्या सांगाड्यासारखी कोडी पुन्हा निर्माण होतील. फक्त ती पडद्यावर असतील. हेच पुण्याच्या पेशवे दफ्तरालाही लागू पडते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, कारण मोडी वाचणारी माणसे या कामाला लावली गेली होती. आज कागदाची प्रतिमा क्षणात मिळू शकते. ती वाचणारे मात्र मोजके आहेत.

मोठ्या स्थलांतराच्या वेळी प्रत्येक वस्तू एकदा तरी हातात घ्यावी लागते. अशी संधी संस्थेच्या आयुष्यात क्वचित येते. त्या वेळी जुन्या नोंदवहीची एकेक ओळ समोरच्या वस्तूशी ताडून पाहिली, तर अनेक विसरलेले नमुने पुन्हा उजेडात येतील. त्यासाठी इमारतीच्या अंदाजपत्रकाबरोबरच अभिरक्षक, लिपितज्ज्ञ आणि संवर्धक यांच्या भरतीचाही विचार आताच व्हावा लागेल. ही पडताळणी टाळून पेट्या नुसत्या हलवल्या गेल्या, तर आज ज्यांचा पत्ता ठाऊक आहे अशा वस्तूही उद्याच्या हरवलेल्यांत जमा होण्याचा धोका आहे.