म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका



आपल्या जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर म्हातारे माणूस एकच गोष्ट दहादा विचारू लागले, चुलीवरचे दूध विसरू लागले, की आपण म्हणतो, "वय झाले, म्हातारचळ लागला." कोणी देवऋष्याचा अंगारा आणतो. मुलगा-सून मुंबईला नाही तर चाकणला कामावर, त्यामुळे आजार वाढला तरी ध्यानात येत नाही.

अशा विसरण्याचे एक मोठे कारण रक्तवाहिन्यांचा आजार हे आहे. शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो, आणि तो रक्तातूनच पोहोचतो. बी.पी. व साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तंबाखू-मिश्री सुटली नाही, की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात. ठिबकची नळी चोंदली की त्या ओळीतली रोपे सुकतात, तसे मेंदूचे बारीक बारीक भाग मरतात. मोठा लकवा सर्वांना दिसतो. हे छोटे झटके कळतही नाहीत. फक्त चाल मंदावते, पैशांचा हिशेब चुकतो, लघवी आवरत नाही.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या दर शंभरात सुमारे 7 जणांना, म्हणजे 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत, खेड्यांत आणि ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात प्रमाण जास्त. म्हणजे आपल्याच आया-आज्या!

पण उपाय आहे. चीनमधील 326 गावांत सुमारे 34 हजार बी.पी.च्या रुग्णांवर प्रयोग झाला. जिथे गावच्या आरोग्यसेवकांनी साध्या गोळ्यांनी बी.पी. नीट ताब्यात ठेवले, तिथे चार वर्षांत स्मृतिभ्रंश 15 टक्क्यांनी कमी झाला, असे 2025 साली जाहीर झाले.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात बी.पी. आणि साखर तपासून घ्यावी. बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. मिश्री बंद, लोणचे-पापड कमी. विसरणे वाढले तर मंचर किंवा जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. थायरॉईड वा बी-12च्या कमतरतेनेही विसर पडतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर सकाळची वाट पाहू नये; गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

मेलेला भाग परत येत नाही. उरलेला राखणे मात्र आपल्या हाती आहे. पुढच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आईच्या गोळ्यांचे पाकीट एकदा उघडून पाहा.