पदराआडची ट्यूब

दिवाळी अंक घरात आला की तो कोणाकोणाच्या हातून फिरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आजोबा आधी राशिभविष्य पाहतात, मुले व्यंगचित्रे पाहतात, आणि घरच्या बाईच्या हाती तो भाऊबीज आटोपल्यावर, फराळाचे डबे पुसून झाल्यावर पडतो. हा लेख मी तिच्यासाठी लिहीत आहे. इतरांनी वाचला तर अधिकच बरे. विषय आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पान उलटायचे असेल त्यांना ते उलटता येईल. विषय आहे बायकांच्या जागेची खाज, आणि तिच्यावर औषधाच्या दुकानातून गुपचूप आणले जाणारे मलम.

सणासुदीला हे काय काढलेत बाई, असे कोणी म्हणेलच. त्यांना माझे एवढेच उत्तर आहे, की खाजेला पंचांग कळत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाटावर नीट बसवत नाही म्हणून भिंतीला टेकून उभी राहिलेली बाई मी पाहिली आहे. तिला कारण विचारणारे घरात कोणी नव्हते.

मी डॉक्टर नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, धंदा मास्तरकीचा, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा. मग या भानगडीत मी का पडते? कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि ती मी एकटीच करते असेही नाही.

आमच्या माहुलला एका अंगाला खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला तेलाचे कारखाने. जुन्या गावठाणात कोळ्यांची घरे आहेत, आणि पलीकडे प्रकल्पग्रस्तांच्या सात-सात मजली इमारती. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडून २०१७ पासून माणसे तिथे आणून टाकली गेली. इथली हवा प्रकृतीला घातक आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते, आणि पुढे उच्च न्यायालयातही त्यावर रण माजले. ही तक्रार खरी आहे, आणि मी तिच्या बाजूची आहे. परंतु तिचा एक वेडावाकडा परिणामही झाला. अंगाला काही झाले की 'हवेने झाले' म्हणायचे आणि मोकळे व्हायचे, अशी आम्हांला सवय लागली. चारचौघांत हवेचे नाव घेता येते, जागेचे घेता येत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीची आई मला एकदा शाळेच्या जिन्यात गाठून म्हणाली, "बाई, एक सांगू का? हसू नका." दोन महिने तिला खाज होती, आग होती, अंगावरून दह्याच्या फुटक्या कवडीसारखे पांढरे जात होते. मी मोठ्या शहाणपणाने तिला एका ट्यूबचे नाव सांगितले. माझ्या भावजयीला तिने गुण आला होता! माझे वैद्यकीय ज्ञान एवढेच. तिने पदराच्या टोकाला बांधलेले पैसे सोडले, दुकानात जाऊन पुटपुटत ते नाव सांगितले, आणि दुकानदाराने कागदात गुंडाळून ट्यूब दिली. त्याने काही विचारले नाही, तिने काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी ती हसत आली. "बाई, तुमच्या हाताला यश आहे!" मला काय गुदगुल्या झाल्या म्हणता!

तो गुण नव्हता. त्या ट्यूबमध्ये तीन औषधे एकत्र कालवलेली होती. एक बुरशी मारणारे, एक जंतू मारणारे, आणि तिसरे जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडचे काम सूज आणि खाज दाबण्याचे. बुरशी तशीच राहते, तिच्याविरुद्ध ओरडणारी कातडी मात्र गप्प केली जाते. घराला चोर लागला असता भुंकणाऱ्या कुत्र्याला अफू घालावी, तसा हा उपचार. मलम थांबले की खाज दुप्पट. मग पुन्हा ट्यूब. वर्षभर हे चालले. शेवटी तिच्या मांड्यांची कातडी कागदासारखी पातळ झाली, तिच्यावर बाळंतपणात पोटावर पडतात तसे वण उमटले, आणि ते वण आता जायचे नाहीत. पालिकेच्या रुग्णालयात एका डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासले आणि आधी रक्तातली साखर पाहिली. ती तीनशेच्या वर निघाली. वर्षभर तिचे शरीर मधुमेहाची वर्दी देत होते, आणि मी सांगितलेली ट्यूब त्या वर्दीचे तोंड दाबत होती.

आता थोडे शास्त्र सांगते. बहुतेकदा या दुखण्याचे मूळ कँडिडा नावाची बुरशी. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच जातीची ही. ती निरोगी बाईच्या अंगातही थोडीफार असते आणि तिथले चांगले जंतू तिला ताब्यात ठेवतात. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ते जंतू मेले, दिवस गेले, किंवा मधुमेहाने साखर वाढली, की बुरशी माजते. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होते असे वैद्यकाचे पुस्तक सांगते. म्हणजे हे पाप नव्हे, घाणेरडेपणाही नव्हे. उलट साबण आणि सुगंधी पाण्याने आतून धुणाऱ्या अतिस्वच्छ बायकांचेच त्यात नुकसान होते. ती जागा आतून स्वतःची स्वतः स्वच्छ राहते. अभ्यंगस्नानाचे उटणे अंगाला लावावे, तिथे नको.

या बुरशीवर पहिले खरे औषध शोधले ते दोन बायकांनी. न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी १९५० साली निस्टॅटिन जगापुढे ठेवले, आणि त्याचे मानधन स्वतः न घेता संशोधनासाठी देऊन टाकले. पुढे क्लोट्रिमॅझोल आले. साधे, एकट्याने काम करणारे, स्वस्त औषध. माझे भांडण या औषधाशी नाही. दुकानातून औषध घेण्याशीही नाही. माझे भांडण न विचारता देण्याशी, न सांगता घेण्याशी, आणि त्या तिहेरी कालवणाशी आहे.

कारण खाजते ते सगळेच बुरशीचे नसते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, स्वतःच निदान करून असे औषध विकत घेणाऱ्या ९५ बायकांना तपासले. नुसत्या बुरशीचे दुखणे निघाले ते जेमतेम तिघींमागे एकीला. बाकीच्यांत कोणाला दुसऱ्या जंतूंचा त्रास होता, कोणाला सरमिसळ, तर कोणाला काहीच नव्हते. शिकल्यासवरल्यांची ही गत, तर जिन्यात कुजबुजणाऱ्यांची काय असेल? त्यातले एक दुखणे तर असे, की नवऱ्यालाही औषध दिल्याशिवाय जात नाही. तेव्हा पुरुषवाचकहो, पान उलटू नका. आणि मधुमेहात ही बुरशी तुम्हांलाही होते.

आपल्या सरकारने मार्च २०१८ मध्ये चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम चांगला आहे. तो ट्यूबवर छापलेलाही असतो. पण लाज इतकी घाईत असते की छापलेले वाचायला ती थांबत नाही. नायट्याचेही तसेच. वर्षानुवर्षे मिसळीची मलमे चोपडून आपण तो असा माजवला की साध्या गोळ्यांना न जुमानणारी त्याची एक नवी जात निपजली. २०२० साली जपानी संशोधकांनी तिचे बारसे केले, आणि त्या नावात हिंदुस्थानची खूण आहे. २०२३ साली ती न्यूयॉर्कातही सापडल्याचे जाहीर झाले. जगाला देण्यासारखे दुसरे काही आपल्यापाशी नव्हते का?

कोणी म्हणेल, डॉक्टरकडे जायचे म्हणजे रोज बुडतो, रांगेत दिवस जातो, आणि तिथे पुरुष डॉक्टर असला तर? हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच मी दोष बाईला देत नाही. ब्रिटनमध्येही हे औषध दुकानात मिळते, पण दुकानदार विचारतो: पहिल्यांदाच होते आहे का? दिवस गेले आहेत का? वय सोळाच्या आत किंवा साठीच्या वर आहे का? सहा महिन्यांत दोनदांहून अधिक झाले का? एकाचेही उत्तर 'हो' आले तर तो तिला डॉक्टरकडे धाडतो. चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. आमच्या दुकानदारांना तेवढी फुरसत नाही काय? निदान प्रत्येक दवाखान्यात ठरल्या वारी बाई डॉक्टर बसेल, आणि वारंवार खाज आली की आधी साखर तपासली जाईल, एवढे मागायला लाजण्याचे कारण नाही.

लाजेची ही गोष्ट नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढले आणि वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरे दिली. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले, तरी दंड व्हायचा तो झालाच. १९५३ साली कर्वे गेले आणि ते मासिकही संपले. आज खटला भरणारे कोणी नाही. तरीही आपण कुजबुजतोच. तो दंड आपण अजून, न मागता, भरत आहोत. तो आपण कातडीने भरतो.

ती विद्यार्थिनीची आई आता गोळ्या वेळेवर घेते. साखर उतरली, योग्य औषधाने खाजही गेली. मांड्यांवरचे वण आहेत तसेच आहेत. मी तिची क्षमा मागितली तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुम्ही निदान ऐकून तरी घेतलंत." हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. ऐकून घेणे एवढीच माझी लायकी होती. त्यापुढे ट्यूबचे नाव न सांगता, तिचा हात धरून मी तिच्याबरोबर रांगेत उभी राहायला हवी होते.

तेव्हा यंदा फराळाचे ताट घेऊन शेजारी जाल, आणि कोणी जिन्यात गाठून "हसू नका" म्हणेल, तर हसू नका. औषधही सांगू नका. कधी जायचे, एवढे ठरवा, आणि तिच्याबरोबर जा.