अडीचशे जहाजांचे ओझे



आश्विन शुद्ध सप्तमीस नवपदाची ओळी सुरू होते आणि ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराकडे आराधकांची रीघ लागते. डोंबिवली-कल्याणहून सकाळच्या गाडीने येणारी कुटुंबेही त्यात असतात. हे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते, आणि श्रीपाल-मयणासुंदरीच्या कथेशी ठाण्याचे नाव परंपरेने जोडलेले आहे. ओळीचे नऊही दिवस ती कथा आपण ऐकतो. मात्र त्या कथेतील एका व्यापाऱ्याचा शेवट आपल्या याच गावात झाला, ही गोष्ट आपण व्यापारी लोक जरा घाईने ऐकून घेतो.

तो व्यापारी म्हणजे धवलशेठ. पाचशे जहाजांचा धनी. बब्बरकुलाच्या बंदरात त्याने जकात बुडविली आणि तेथील राजाने त्यास बांधून ठेविले. श्रीपालाने त्याची सुटका केली व ठरल्याप्रमाणे निम्मी, म्हणजे अडीचशे जहाजे श्रीपालाची झाली. प्राण वाचले होते, प्रतिष्ठा राहिली होती, अडीचशे जहाजे अजून पदरी होती. पण शेठजींची दृष्टी गेलेल्या अडीचशेंवर खिळली. ज्याने सोडविले त्यालाच त्याने भर समुद्रात ढकलून दिले. नवपदाचे स्मरण करीत श्रीपाल मगरमत्स्याच्या पाठीवरून कोकणकिनारी, ठाण्यास लागला. येथील राजाने त्यास कन्या दिली, मान दिला. पुढे धवलशेठही येथेच आला. त्याचे कारस्थान उघडे पडले, राजाने देहदंड सुनावला, तरी श्रीपालाने रदबदली करून त्यास वाचविले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. त्याच घरात एके रात्री हातात कट्यार घेऊन जिना चढताना शेठचा पाय घसरला आणि आपल्याच शस्त्राने त्याचा अंत झाला.

वाचकहो, जहाजे दोघांचीही होती आणि संख्याही सारखीच होती. श्रीपालाने संपत्तीचा त्याग केला नव्हता. तो राजपुत्र होता, भोगही त्याच्या वाट्यास आले. भेद इतकाच की, समुद्रात पडल्यावर श्रीपालाच्या ओठी नवपद आले आणि किनाऱ्यावर सुखरूप उभा असतानाही धवलच्या मनात जहाजेच होती. तत्त्वार्थसूत्रकारांनी वस्तूंच्या ढिगास परिग्रह म्हटले नाही. वस्तूंवरील मूर्च्छेस म्हटले. मूर्च्छित मनुष्यास आपण मूर्च्छित आहोत हे कळत नाही, हीच त्या शब्दाची भेदकता आहे.

श्रद्धा ही मूर्च्छा कशी उतरविते, हे मी घरातच पाहिले. आजोबांच्या पश्चात वडील व काका यांच्यात कल्याणच्या दुकानाची वाटणी निघाली. गोदाम, माल, उधारी यांचा हिशेब दोन दिवसांत मिटला. अडले ते दर्शनी गाळ्यापाशी. आजोबांची गादी तेथे होती, गिऱ्हाइकाची पहिली नजर तेथेच पडे. चार महिने दोघा भावांचे बोलणे बंद होते. अशातच आश्विनाची ओळी आली. त्या वर्षी वडिलांची नववी ओळी होती. साडेचार वर्षांत ऐंशी आणि एक आयंबिले पुरी व्हायची होती. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळण यांतले काहीही नाही. दिवसातून एकदाच, एका जागी बसून कोरडे अन्न आणि उकळलेले पाणी. आयंबिल खात्यात दोघे भाऊ समोरासमोरच्या पंगतीत बसत व मान खाली घालून जेवत.

आठव्या दिवशी वडिलांनी गाळा काकांना देऊन टाकला. मी तेव्हा नुकताच दुकानात बसू लागलो होतो. त्या गादीवर आपण बसणार, असे मनाशी धरून होतो. मी रागावून जाब विचारला. ते म्हणाले, “आठ दिवस तुपावाचून काही अडले नाही. पहिल्या दिवशी मात्र वाटले होते, घास उतरणारच नाही. या गाळ्याचेही तसेच आहे.”

पारणे दोघा भावांनी एकाच पाटाशी केले. मात्र या उदारपणाची किंमत पडली नाही, असे मी म्हणणार नाही. मागच्या गाळ्यात धंदा बसायला आम्हांस कैक वर्षे लागली. दर्शनी गाळ्याचा आजचा भाव कानी पडला की माझे मन अजून हलते. वडिलांचे हलत नसे. काकांकडचे लग्न असो की आजारपण, ते पहिले पोहोचत. गाळ्यावरून जाताना तेथे बसून चहा घेत.

आणखी एक गोष्ट स्वतःस बजावून सांगावीशी वाटते. मूर्च्छा धर्मस्थानाच्या पायरीशी थांबत नाही. चढाव्याची बोली, देणगीदारांच्या पाटीवरील नावाचा क्रम, तपश्चर्येच्या वरघोड्याचा थाट यांतही ती सुखाने नांदते. दान द्यावे, अनुमोदनाही करावी. पण पाटीवर आपले नाव तिसरे आले म्हणून ज्याची रात्रीची झोप उडते, त्याने पैसा दिला असला तरी जहाजे सोडलेली नसतात.

ओळी पौर्णिमेस संपते आणि पंधरवड्याने चोपडापूजन येते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण गौतमस्वामींची लब्धी मागतो, शालिभद्राची ऋद्धी मागतो. ती ऋद्धी शालिभद्रानेच एक दिवस सोडून दिली, हे लिहिताना आठवत नाही. श्रावकाकडून तेवढ्या त्यागाची अपेक्षाही नाही. त्याच्यासाठी पाचवे अणुव्रत आहे: परिग्रहाचे परिमाण. घर, जमीन, सोने, धन यांची मर्यादा स्वतःच ठरवावी आणि तिच्यावर जे येईल ते आपले नव्हे, असे मानावे.

या दिवाळीस वहीच्या पहिल्या पानावर तो आकडा लिहावयाचा, असे मी ठरविले आहे. गेले काही दिवस कच्च्या कागदावर लिहून पाहतो. दर वेळी लिहू जाता आकडा थोडा वाढतो, आणि जिना चढणाऱ्या धवलशेठची पावले मला माझ्याच घरात ऐकू येतात.