कॉलर माईक वाचनालयात ठेवा

दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी आमच्या सिनेमातली आई उसाला गेली. "गुरुजी, उचल घेतलीय. मुकादमाचा ट्रॅक्टर आला की निघावंच लागतंय," असं तिने आदल्या संध्याकाळी सांगितलं. धारूर घाटावरच्या आमच्या गावात हे दरवर्षी होतं. मी याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, तरी शूटिंगच्या तारखा धरताना ते माझ्या लक्षात आलं नाही.

गोष्ट 25 मिनिटांची. आईबाप कर्नाटकात ऊसतोडीला, मागे आजी आणि दोन नातवंडं. आम्ही 11 जण, तीन मोबाईल, पगार कुणालाच नाही. निम्मं शूटिंग झालेलं. दुसरी बाई घेऊ, असं पोरं म्हणाली. आजीचं काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "खरी आई जाती, तशी हिलाबी जाऊ द्या की." मग आईचे उरलेले सगळे प्रसंग आम्ही फोनवर आणले. तिने फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रात्री बसून संवाद स्वतःच्या मोबाईलवर रेकॉर्ड केले आणि पाठवले. मागे कुणाचं तरी पोर खोकत होतं. ते खोकणं आम्ही तसंच ठेवलं. आमच्या संहितेतल्या कुठल्याच ओळीपेक्षा त्यातून कोपी जास्त कळत होती.

पैसा नाही म्हणून हौशी सिनेमा अडतो, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, आधी अडतो तो माणसांच्या वेळेपाशी. मालेगावात नासीर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' केला, तेव्हा यंत्रमागावर राबणारे लोकच त्यात होते. डाकूंना घोडे मिळाले नाहीत, सायकली दिल्या. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती व्हायला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. अशा अडचणी जवळच्या माणसांनी, जवळच्या वस्तूंनी सुटतात.

आवाजाची अडचण तशी सुटत नाही. मोबाईलचा कॅमेरा आता चांगलं चित्र देतो. पण सहा फुटांवरचा माणूस आणि बालाघाटावरचा वारा त्याच्या माईकला सारखेच. ओसरीवरचे आणि बांधावरचे जवळजवळ सगळे संवाद वाया गेले. ज्वारीची पोती असलेल्या खोलीत भिंतींना वाकळा टांगून आम्ही ते पुन्हा म्हणून घेतले. तोवर नातवाचं काम करणाऱ्या सातवीतल्या मुलाचा आवाज फुटला होता. त्याचे संवाद धाकट्या बहिणीने म्हटले, ते निभावलं. मावशींचं मात्र निभावलं नाही. ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर त्या पहिल्या वेळी जे बोलल्या, ते त्या बंद खोलीत पुन्हा आलं नाही. त्या दिवशी त्यांच्या पदराला एक कॉलर माईक असता, तर ते बोलणं आज सिनेमात असतं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. 1967 च्या कायद्याखाली राज्यात 'अ' ते 'ड' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयांना मान्यता मिळते. तालुक्याच्या वाचनालयात दोन कॉलर माईक, वारा अडवणारी त्यांची टोपणं आणि एक रेकॉर्डर ठेवा. पुस्तकासारखे अनामत घेऊन आठवड्यासाठी द्या. सगळं मिळून एका मध्यम मोबाईलच्या किमतीत बसेल. ग्रंथपालांचं मानधन आधी वाढवा, असं कुणी म्हणेल. खरंच वाढवा. हा खर्च वाचनालयांच्या अनुदानातून नको, जिल्हा नियोजनाच्या निधीतून करा.

हे सामान फक्त सिनेमावाल्यांच्याच उपयोगाचं आहे असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी आपल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घेतल्या, म्हणून बाबासाहेबांवरच्या त्या ओव्या आज त्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. कितीतरी गावांत कुणी टेप घेऊन पोचलंच नाही.

गुढीपाडव्याला ट्रॅक्टर परतले. शाळेच्या भिंतीवर सिनेमा लावला. आईचं काम करणारी ताई पुढेच बसली होती. खोकल्याचा आवाज आला तशी ती शेजारणीला म्हणाली, "आपल्या कोपीतलं पोरगं ते."

पुढचं शूटिंग आम्ही पोळा ते दसरा एवढ्यात बसवलं आहे. मावशींनी होकार दिलाय. माईक कुठून आणायचा, ते अजून ठरलेलं नाही.