रविवार कोणाचा? मेगाब्लॉक कोणाच्या जिवावर?

शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर उद्याच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक येऊन पडते. हार्बरवर कुर्ला ते वाशी, सकाळी अकराच्या सुमारास सुरू, दुपारी चारच्या सुमारास संपणार. ज्याला सुट्टी आहे तो मोबाइल बाजूला ठेवतो. मानखुर्दहून दुपारच्या पाळीला निघणारा वॉचमन, मॉलमध्ये हाउसकीपिंग करणारी ताई, रविवारीच असणाऱ्या एमपीएससीच्या पेपरला निघालेले आपले पोरगे, यांना मात्र हिशेब मांडत बसावे लागते.

आधीच सांगतो, आमचा ब्लॉकला विरोध नाही. रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर यांची देखभाल झाली नाही तर मरणार लोकलने जाणारा माणूसच. रात्रीची शेवटची गाडी गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत हातात जेमतेम तीनेक तास उरतात, तेवढ्यात सगळी कामे उरकत नाहीत. शिवाय रुळावर उन्हापावसात घाम गाळणारा ट्रॅकमन बहुतेक वेळा आपल्याच बहुजन घरातला असतो. धावत्या गाड्यांमध्ये जीव मुठीत धरून काम करण्यापेक्षा ब्लॉक घेऊन काम करणे हा त्याचा हक्क आहे. तेव्हा ब्लॉक बंद करा अशी घोषणा आपल्यापैकी कोणी देऊ नये. भांडण आहे ते ब्लॉकची किंमत कोणाच्या खिशातून जाते यावर.

रविवारी सुट्टी असते, गर्दी कमी असते, म्हणून ब्लॉक रविवारी. ठीक. पण ही सुट्टी आली कुठून? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी ती मिळाली. पुढे १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ४८ तासांवर आले, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. आज त्याच सुट्टीचा लाभ कायम नोकरीवाल्याला मिळतो आणि कंत्राटी कामगार रविवारी कामावर असतो. लोखंडे ज्यांच्यासाठी लढले त्यांचेच वारसदार रविवारी दुपारी बंद फलाटावर उभे आहेत, आणि वेळापत्रक करणाऱ्याने त्यांना घरी बसलेले धरले आहे!

आमच्या ओळखीच्या एका ताईंचे उदाहरण घ्या. गोवंडीत राहतात, दादरकडे सफाईच्या कामाला जातात. ब्लॉकच्या दिवशी पोहोचायला तासभर उशीर झाला, कंत्राटदाराने अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. मेगाब्लॉक होता म्हटल्यावर उत्तर मिळाले, "मग लवकर निघायचे."

कुर्ला-वाशी ब्लॉक असला की हार्बरच्या प्रवाशांना त्याच तिकिटावर ठाणे-वाशी मार्गाने जाण्याची मुभा मिळते. पनवेल-नेरूळवाल्याला ती उपयोगी आहे. पण टिळकनगर, चेंबूर, गोवंडी, मानखुर्द ही स्टेशने तर बंद तुकड्याच्या आतच येतात. गोवंडीच्या माणसाने ठाण्याला जायचे कसे? २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात जो एम-पूर्व विभाग तळाला होता, तो हाच. त्याच्या वाट्याला उरते बस किंवा रिक्षा. मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले आहे, आणि लोकलचा पास बसमध्ये चालत नाही. म्हणजे पासाचे पैसे आधीच दिलेले, वर बसचे वेगळे.

मोठ्या ब्लॉकला तर सल्लेही मोठे. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात ठाण्यात फलाट रुंद करायला ६३ तासांचा आणि सीएसएमटीला फलाट लांब करायला ३६ तासांचा ब्लॉक झाला. ९३० लोकल फेऱ्या रद्द. कार्यालयांना आवाहन झाले, कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्या. झाडू घरून मारता येत नाही. रुग्णालयातला वॉर्डबॉय लॅपटॉप उघडून स्ट्रेचर ढकलू शकत नाही. सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर 'प्रवासी' म्हणून कोण उभा होता, ते यावरून कळते.

जमत नाही असे मात्र कोणी सांगू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा हीच रेल्वे मध्यरात्री परळहून, कुर्ल्याहून विशेष लोकल सोडते. लोकांची संख्या डोळ्यांत भरली की नियोजन होते. मानखुर्दचा माणूस एकेकटा फलाटावर येतो, म्हणून तो मोजला जात नाही.

आमची मागणी साधी आहे. ब्लॉकच्या वेळेत बंद स्टेशनांच्या रांगेने बस सोडाव्यात आणि त्यात रेल्वेचा पास चालावा. त्या बसचा खर्च ब्लॉकच्या कामाच्या अंदाजपत्रकातच धरावा. वेळापत्रक आदल्या दिवशी न देता आठवडाभर आधी स्टेशनवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावे. आणि ब्लॉकमुळे झालेल्या उशिरासाठी कंत्राटी कामगाराची मजुरी कापता येणार नाही, अशी अट सरकारी आणि पालिकेच्या प्रत्येक कंत्राटात घालावी.

निवेदन आम्ही लिहीत आहोत, पण नुसत्या निवेदनाने साहेब हलत नाहीत. हार्बरच्या पुढच्या ब्लॉकला गोवंडी आणि मानखुर्द स्टेशनबाहेर वही घेऊन बसायचे आहे: कोण कुठे निघाले, किती जादा पैसे गेले, किती मजुरी कापली. नावे लिहायची नाहीत, कंत्राटदाराच्या भीतीने माणसे बोलणार नाहीत. रविवारच्या वंदनेनंतर विहारातून थेट स्टेशनवर या. दहा-बारा जण लागतील.

जय भीम!