मऊ पेडल आणि भरलेली गाडी

जुनी पिकअप घेऊन तिच्यावर संसार चालविणारी कुटुंबे आमच्या भवानी पेठेत आणि आसपासच्या वस्त्यांत बरीच आहेत. पहाटे बाजार समितीतून कांद्याच्या गोण्या, दुपारी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे, संध्याकाळी कुणाचे तरी घरसामान. गाडी फिरली तर हप्ता जातो, उभी राहिली तर चूल अडते. इंजिनात जरा वेगळा आवाज आला की धावपळ होते. पण ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले तर ‘दोनदा पंप मारला की लागतो ब्रेक’ असे म्हणून महिनोन्‌महिने काढले जातात. हे आम्हांला मुळीच पटत नाही. आजचे सदर त्यासाठीच. गाडी चालविणाऱ्या बांधवांनी ते वाचावे आणि ज्यांच्या घरचा माणूस गाडीवर आहे त्या भगिनींनीही वाचावे, कारण ‘ब्रेक कसा आहे?’ हा प्रश्न घरातूनही विचारला गेला पाहिजे.

शाळेत विज्ञानाच्या तासाला पास्कलचा नियम शिकवितात. बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, एवढाच त्याचा अर्थ. आपण पेडल दाबतो, मास्टर सिलिंडर ऑइलवर दाब देतो, तो बारीक नळ्यांतून चारी चाकांपर्यंत जातो. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीला १९२१ साली चारी चाकांवर असे ब्रेक आले. आपल्या पिकअपचे तत्त्व आजही तेच आहे. ऑइल दाबून आकसत नाही, म्हणून पेडल टणक लागते. हवा मात्र आकसते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर चाकापर्यंत न जाता त्या बुडबुड्याला दाबण्यात खर्च होतो.

परंतु ‘मऊ’ या एका शब्दात तीन निरनिराळी दुखणी लपलेली असतात, आणि ती वेगळी न केल्याने पैसा वाया जातो. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर बहुधा हवा आहे. रबरी पाइप जुना होऊन फुगत असला तरी तसेच लागते. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने पाइपावर नजर ठेवावी, फुगलेला दिसतो. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आणि टणक लागते, तर लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले आहेत. तिथे ॲडजस्टमेंट हवी. आणि पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली बसत जाते, तर कुठेतरी गळती आहे. ती बाहेर दिसली नाही तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबर गेले असे समजावे. अशी गाडी एक फेरीही मारू नये.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाला मागे एका गॅरेजमध्ये थेट मास्टर सिलिंडर बदलून दिला. पैसे गेले, पेडल तसेच. पुढे दुसऱ्या कारागिराने मागचा डावा ड्रम उघडला तेव्हा आतील व्हील सिलिंडर गळून लायनर ऑइलने भिजलेले निघाले. दोन दिवसांचे भाडे बुडाले ते वेगळेच. तेव्हा सांगणे हे की, सुटा भाग घेण्यापूर्वी चारी चाकांच्या आतल्या बाजू, नळ्यांचे जोड आणि टाकीतील ऑइलची पातळी आपल्या डोळ्यांनी पाहावी. ड्रम उघडल्यावर धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसावे. कारागिराकडे शिकाऊ पोरगा असेल तर त्यालाही हे सांगावे.

गळती नसेल आणि ॲडजस्टमेंट ठीक असेल, तर हवा काढण्याचे काम दोन माणसांत होते. पेडल दाबायला घरातील कुणीही मोठे माणूस चालते. गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून उभी करावी. टाकीच्या झाकणावर लिहिले असेल तेच ऑइल, नवीन सीलबंद बाटलीतले, भरावे. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने, म्हणजे आपल्याकडे बहुधा मागच्या डाव्या. मग मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील थोड्या ऑइलमध्ये बुडवावे. आतल्याने पेडल तीन-चार वेळा सावकाश दाबून धरून ठेवावे, बाहेरच्याने निपल अर्धा आटा सैल करावा, बुडबुडे बाहेर येतील. निपल पुन्हा आवळल्याशिवाय पेडल सोडायचे नाही! एवढी एक गोष्ट चुकली की हवा उलटी आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचे, मध्ये मध्ये टाकीत ऑइल घालायचे. टाकी रिकामी झाली तर सगळे पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत आपटू नये. सिलिंडरचा तो भाग कधी वापरात नसतो, तिथे गंज धरलेला असतो आणि आतील रबर त्यावर कापले जाते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. काही पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ भाराप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा वॉल्व्ह असतो. अशी गाडी मागून जॅकवर लटकती ठेवली तर मागच्या चाकांकडे ऑइल नीट जात नाही आणि हवा राहून जाते. पुष्कळदा ‘तीनदा एअर काढली तरी पेडल मऊच’ याचे कारण हे असते.

ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते. नवे डॉट ३ ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरते. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर, गाडी भरलेली, तुळजापूरचा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर. अशा वेळी ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल एकाएकी तळाला जाते. गाडी थंड झाली की ते पुन्हा बरे लागते, म्हणून चालक दोष रस्त्याला देतो. ऑइल दोन वर्षांनी बदलावेच. घाट लहान गिअरमध्ये उतरावा आणि डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करू नये. बूस्टरची मदत दोन-चार दाबांत संपते, मग ब्रेक दगडासारखा होतो. वाचलेल्या डिझेलचा हिशेब कुणी आम्हांला करून दाखवावा.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग लागते. पासिंग झाले म्हणजे वर्षभराची चिंता मिटली, असा काहींचा समज आहे. पासिंग त्या दिवसापुरते असते. रबर दुसऱ्या दिवशीही फाटते.

काढलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये, गटारातही टाकू नये. ते पोटात गेल्यास विषारी आहे, म्हणून पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवण्याची सवय मोडावी. इंजिन ऑइल किंवा रॉकेल ब्रेकच्या टाकीत चुकूनही घालू नये. रबर फुगते आणि सगळीच किट बदलावी लागते. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावे. खाली बसले नाही तर मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीने, चालण्याच्या वेगात दोन-चारदा ब्रेक लावून पाहावा. दुसऱ्या दिवशी सकाळी चारी चाकांखाली ओल आहे का ते पाहून मगच माल भरावा, आणि ऑइल बदलल्याची तारीख टाकीजवळ रंगाने लिहून ठेवावी.