‘नवशिक्यांचा प्राणी’ : एका बाजारी शब्दाचा इतिहास

१/८ जळगाव-धुळ्याच्या बाजारात हे वाक्य हमखास ऐकू येते : “पहिल्यांदाच पाळताय ना? मग हेच घ्या, फार काही करावे लागत नाही.” पुढे असतात हॅमस्टर, ‘लव्हबर्ड’ची जोडी किंवा रुपयाएवढे कासव. या प्राण्यांचा इतिहास पाहिला, की ‘सोपा’ म्हणजे केवळ ‘स्वस्त’, हे लक्षात येते.

२/८ हॅमस्टर. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियातील अलेप्पोजवळ जमीन खोल खणून एक मादी आणि तिची पिल्ले मिळवली, तीही प्रयोगशाळेसाठी. आजचे बहुतांश पाळीव सोनेरी हॅमस्टर याच कुळातले. भूगर्भाच्या गारव्यात एकटा राहणारा हा प्राणी आपण पत्र्याच्या छपराखाली, ४५ अंशांच्या खानदेशी उन्हाळ्यात, तारेच्या पिंजऱ्यात ठेवतो.

३/८ ‘लव्हबर्ड’. आपल्याकडे या नावाने विकले जाणारे पक्षी बहुधा बजरीगर असतात. जॉन गूल्ड यांनी १८४० साली ते ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला जिवंत नेले. दाणापाण्यासाठी थव्याने दूरवर भटकणाऱ्या या पक्ष्याच्या वाट्याला इथे हातभर पिंजरा येतो. ज्याचे नावही आपण नीट विचारले नाही, त्याची गरज काय विचारणार?

४/८ कानामागे लाल पट्टा असलेले कासव मूळचे अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातले. ते ताटाएवढे वाढते आणि दशकानुदशके जगते. साल्मोनेला संसर्गामुळे अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. तेच पिल्लू आपण मुलाच्या हाती खेळणे म्हणून देतो.

५/८ कायदा? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपटाला संरक्षण दिले; हॅमस्टर आणि बजरीगर त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार हालचालीस अपुरा पिंजरा हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये! पक्ष्यांची जोडीही याहून महाग मिळते.

६/८ “मुलांना जबाबदारी कळते,” हा नेहमीचा युक्तिवाद. पण सोमवारी मेलेला मासा मंगळवारी गुपचूप बदलला जातो, तेव्हा मूल काय शिकते? जीव बदलून मिळतो, एवढेच.

७/८ कंटाळा आला म्हणून ते कासव मेहरूण किंवा नकाणे तलावात सोडणे ही भूतदया नव्हे. परके कासव देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. एका जिवाची हेळसांड लपवण्यासाठी आपण अख्ख्या तलावाला वेठीस धरतो.

८/८ जळगावच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) सुगरणीच्या खोप्यावर कविता रचली, ती झाडावरचा खोपा पाहून. पक्षी घरात कोंडून नव्हे. प्राण्यांवर प्रेम असेल, तर विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : हा कुठला? किती वाढतो? किती वर्षे जगतो? उत्तर मिळाले नाही, तर रिकाम्या हाताने परत या.